जरा उजळ करा

३ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा आधी तुझी खुशाली विचारायला हवी. पण ते मला जमणार नाही, आणि तूही दोन ओळींत पत्र बाजूला ठेवशील. म्हणून कामाचंच लिहिते.

माईंवर तो मोठा चित्रपट येतो आहे. त्यातल्या माईंच्या तोंडाला जे काही फासलं आहे, ते तुझं काम आहे का?

काल पेपरात आलं. तुझे बाबा नेहमीसारखे मोठ्याने वाचत होते, खालच्या मजल्यालाही बातम्या कळाव्यात असे. दिग्दर्शक अमुक, तीन वर्षं काम चाललं, इतकी माणसं, इतके घोडे, आणि मग रंगभूषा म्हणून तुझं नाव. ते थांबले. मी भांडी पुसत होते, मीही थांबले. ते म्हणाले, "नावासारखं नाव असतं." मी म्हटलं, "असतं की." आडनावासकट तेच नाव आणखी कुणाचं असणार, हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी हवामान वाचायला घेतलं.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आपल्या माईंच्या प्रार्थना-मंडळाने चित्रपटाविरुद्ध अर्ज केला आहे, दोनशे चौदा सह्यांचा. साथीच्या वर्षांत देवीच्या रोग्यांना सख्खी माणसं शिवत नव्हती, तेव्हा माईंनी त्यांना स्वतःच्या घरात घेतलं, मांडीवर डोकं ठेवून पाणी पाजलं. अशा बाईला तुम्ही काळीकुट्ट, तोंडभर वणांची दाखवता! आणि तेही कुणाला घेऊन, तर साबणाच्या जाहिरातीतल्या त्या गोऱ्यापान नटीला रंग फासून. अर्ज मी लिहिला. मॅट्रिकपर्यंत शिकलेली आणि अक्षर बरं असलेली मंडळात मीच, म्हणून हिशेबाच्या वहीपासून सगळं लिहिणं माझ्याकडे असतं. पहिली सही माझी. शेवटी मागणी आहे की, "हे विद्रूप रूप ज्याच्या कल्पनेतून निघालं, त्या रंगभूषाकाराने जाहीर माफी मागावी." ते वाक्यही माझंच. सोमवारी अर्ज टपालात पडला आणि बुधवारी पेपर आला.

माईंचा फोटो आपल्या भिंतीवर आहे. उजळ, शांत चेहरा. तू तो लहानपणापासून रोज पाहिलास. मग हे भलतं तुझ्या डोक्यात आलं कुठून? दिग्दर्शकाने करायला लावलं असेल तर तसं पेपरात सांगून मोकळी हो. मी मंडळाला समजावीन.

चित्रपटाच्या कंपनीचा पत्ता पेपरात होता, त्यावर पाठवते आहे. कागद जुन्या वहीतले उरलेले आहेत, मागच्या बाजूला काही दिसलं तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

आई


६ मार्च

चि. बेबीस आशीर्वाद.

पहिलं पत्र पोचलं की नाही कोण जाणे. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून दुसरं लिहिते. आज दोनदा कपाट आवरलं. आवरलेलंच पुन्हा आवरलं.

चित्रपटाची झलक बाबांनी फोनवर दाखवली. फोन एवढासा, त्यात त्यांचा हात हलतो, त्यामुळे माई सारख्या भूकंपात सापडल्यासारख्या दिसत होत्या. मी म्हटलं, "नीट धरा हो." ते म्हणाले, "नीट धरलाय, तूच थरथरते आहेस." मग एका ठिकाणी ती नटी कुणावर तरी रागावते आणि नुसतीच बघत राहते. बाबा म्हणाले, "हुबेहूब तू! भाजीवाल्याने वजनात मारलं की अशीच बघतेस." मी फोन बंद करायला लावला.

एक विचारते. आमच्या अर्जाचं राहू दे. बसच्या थांब्यासमोर कॉलेजच्या मुली पाट्या घेऊन उभ्या असतात. त्यांचा विरोध वेगळाच आहे. पाटीवर लिहिलंय, "काळी बाई मिळालीच नाही का?" पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला, की ह्यांना माईंचं काही नाही, स्वतःच्या रंगाचं पडलंय. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. तुम्हाला माई सावळ्याच दाखवायच्या होत्या, तर सावळी नटी का घेतली नाही? तुम्ही सगळे शिकलेले लोक. कुणालाच सुचलं नाही?

त्याच थांब्यावर चित्रपटाचं मोठं पोस्टर आहे. कुणीतरी त्यातल्या चेहऱ्यावर पांढरा रंग ओतला आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत ओघळ आलेत. तू केलेल्या रंगावर पांढरा रंग. मी बस येईपर्यंत तिकडे पाठ करून उभी राहिले.

मागचा विषय मी काढत नाही, तूही काढू नकोस. उत्तर मात्र पाठव.

आई


९ मार्च

चि. बेबीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'आ'चा काना अजून तसाच लांब ओढतेस.

चार वेळा वाचलं. बाबांना वाचून दाखवलं नाही, त्यांनी मागितलंही नाही, ह्याचं मला नवल वाटलं. मला नीट समजलं आहे ना ते बघ. कंपनी म्हणते, वण आणि रंग ही रंगभूषाकारबाईंची कल्पना, आमचा काही संबंध नाही. माई खरंच अशा होत्या ह्याचा पुरावा अठरा तारखेपर्यंत आला तर ठीक. नाहीतर तुझं नाव काढणार, माफी तुझ्याकडून लिहून घेणार, आणि संगणकावर एकेका दृश्यातला चेहरा गोरा करून घेणार. पंचवीसला चित्रपट लागायचाच आहे. ह्यानंतर ह्या धंद्यात तुला कुणी उभं करणार नाही.

आणि खाली तुझ्या दोन ओळी. "मी आठ वर्षांची होते आणि तो फोटो माझ्या मांडीवर होता. असेल तर पाठव, नसेल तर उत्तर नको."

उत्तर नको म्हटलंस तरी देते. तो फोटो आता नाही. स्टुडिओवाले वारले, त्यांच्या मुलाने दुकान विकलं, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. मूळ फोटो त्यांच्याकडेच राहिला होता, तो त्या सामानाबरोबर गेला. माईंना फोटो काढवून घेणं आवडत नसे, जन्मात तेवढा एकच काढलेला, हे तुला माहीतच आहे. माझा इलाज नाही.

तू माफी मागून टाक. दोन ओळींची माफी, त्यात काय जातं? माणसं विसरतात. मंडळाकडून तुला पुढे त्रास होणार नाही हे मी बघते.

आई


१० मार्च

बेबी,

कालच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आज सकाळी प्रार्थनेला बसले तर एक ओळ पुढे सरकेना. पत्रपेटीपाशी जाऊन उभी राहिले, पण टाकलेलं पत्र बाहेर कसं काढणार! म्हणून मागोमाग हे.

फोटो माझ्याकडे आहे. लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, कप्प्यावर अंथरलेल्या कागदाखाली, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला. सव्वीस वर्षं तिथेच आहे. टाकवला नाही आणि दाखवलाही नाही.

तुला आठवतं ते सगळं बरोबर आहे. नवं प्रार्थनागृह झालं, तिथे लावायला माईंचा मोठा फोटो हवा होता. मूळ फोटो सांभाळून न्यायचा म्हणून मंडळाने माझ्यावर विश्वास टाकला. तुला शाळेला सुट्टी होती, म्हणून बरोबर घेतलं. बसमध्ये फोटो तुझ्या मांडीवर दिला होता, कारण माझ्या हातात छत्री आणि पिशवी. तू पूर्ण वाट त्याच्याकडे बघत होतीस. स्टुडिओत पोचल्यावर म्हणालीस, "आई, माई माझ्यासारख्या आहेत ना?" इतकी खूश होऊन विचारलंस! मी काय म्हणाले ते मी विसरले असं स्वतःला सांगत आले. विसरले नाही. मी म्हणाले, "गप्प बस. कुणाची कुणाशी बरोबरी करतेस?"

स्टुडिओवाले म्हणाले, "मोठा केला की वण आणखी उठून दिसतील, बाई."

मी म्हटलं, "मग काढून टाका. आणि जरा उजळ करा."

"किती?"

त्यांच्या भिंतीवर टायरच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर एक बाई होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

मला मनापासून वाटलं की मी माईंची सेवा करते आहे. आपल्या माणसाचा फोटो लावायचा तर छान नको का? ते वण देवीच्या रोग्यांची सेवा करताना आले होते हे मला माहीत होतं. तरी काढायला सांगितले. ब्रश घेऊन ते तासभर बसले होते. तू स्टुलावर बसून सगळं बघत होतीस. पुढे त्या मोठ्या फोटोच्याच प्रती निघाल्या, घरोघर गेल्या. दोनशे चौदा जणींनी माईंचा अपमान झाला म्हणून सह्या केल्या, तो चेहरा माईंचा नाही. तो टायरच्या कंपनीचा आहे.

आता तोही विषय काढते, जो काढायचा नाही असं ठरवलं होतं. तुझ्या लग्नासाठी फोटो काढला, तोही त्याच दुकानात. तेव्हा त्यांनी 'किती' असं विचारलंसुद्धा नाही. आणि ती माणसं आली, तू ट्रे घेऊन दारात उभी राहिलीस, आणि मुलाच्या आईने तुझ्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "फोटोतली मुलगी कुठे आहे?"

मी हसले. तू घर सोडलंस ते त्या बाईच्या बोलण्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगत आले. पण तू तिच्याकडे बघितलंच नव्हतंस. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी हसत होते.

हे लिहिलं. आता राग आलाय तोही लिहिते. मी एका काळ्या बाईला गोरी केलं, पण तू तरी काय केलंस? एका गोरीला घेऊन काळी केलंस. तुझ्यासारख्या शंभर मुली तुमच्या कंपनीच्या दारात काम मागायला उभ्या असतील. तू काय सांगितलंस त्यांना? मला विचारायचा अधिकार नाही. तरी विचारते.

फोटोचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आई


१३ मार्च

चि. बेबीस,

आज रविवार. तीन दिवस घरात येरझाऱ्या घालून पायाला गोळे आले. बाबा म्हणाले, "एवढी चाललीस त्यात तू पायी तिच्याकडे पोचली असतीस."

सकाळी अध्यक्षबाई आल्या. त्यांना दुसरा अर्ज हवा आहे, आणखी कडक. बुधवारी सभेत वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारात माणूस पाठवून द्यायचा. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते.

"लिहा वहिनी, 'त्या रंगभूषाकार बाईला आमच्या श्रद्धेशी खेळताना लाज कशी वाटली नाही.'"

मी 'लाज'पर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं.

"शाई संपली का?"

"नाही, हात दुखतो."

"दुखणारच. धर्माचं काम आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, नाव वाचून बायका मला विचारताहेत. ती तुमचीच का?"

मी म्हटलं, "आमचीच."

"मग तुमची सही पहिली असणं फार मोठं आहे हो. पोटच्या मुलीविरुद्ध! मी सभेत सांगणार आहे तसं." आणि माझा हात हातात घेऊन दाबला. माणूस वाईट नाही. नवऱ्याच्या आजारपणात त्या माईंच्या फोटोसमोर रोज तासभर बसायच्या. म्हणून तर माझ्याच्याने त्यांना काही बोलवत नाही.

त्या गेल्या आणि बाबा आतून आले. म्हणाले, "पाठव की तो फोटो."

मी म्हटलं, "कोणता फोटो?"

"अभ्र्यातला."

बेबी, ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं! कपाटाची बिजागरी बदलताना सापडला म्हणे, बारा वर्षांपूर्वी. आणि तुझाही नंबर ह्यांच्याकडे आहे. दर रविवारी पाय मोकळे करायला जातो म्हणून जातात, ते बागेत बाकावर बसून तुझ्याशी बोलतात. सात वर्षं! मी म्हटलं, "आणि मला एक शब्द नाही?" तर म्हणतात, "तू विचारलंस कधी?" मी दोन तास त्यांच्याशी बोलले नाही. मग जेवायला वाढताना मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. की एकाने तरी तुला टाकलं नाही.

संध्याकाळच्या आधी एक वेड्यासारखी गोष्ट केली. ओलं फडकं घेऊन बसच्या थांब्यावर गेले आणि पोस्टरवरचा पांढरा रंग पुसायला लागले. वाळलेला, निघेना. खरडलं तर खालचा कागदच निघायला लागला. पाटीवाल्या मुलींतली एक आली. चुणचुणीत, काळीसावळी. म्हणाली, "काकू, तुम्ही कोणत्या बाजूच्या?"

मी म्हटलं, "हिला जिने रंगवलं, ती माझी मुलगी आहे."

ती म्हणाली, "मग तिला सांगा, काम सुंदर झालंय आणि तरीही आम्ही इथे उभ्या आहोत."

सांगितलं.

मनात एक वाट आली होती, तीही लपवत नाही. फोटो नुसता पाकिटात घालून, पाठवणाऱ्याचं नाव न लिहिता कंपनीला टाकावा. तुझं काम होईल आणि माझं झाकलेलं राहील. पाकीट चिकटवलंसुद्धा. पण लोक विचारतील, हा फोटो खरा कशावरून? आला कुठून? आणि बिननावाच्या फोटोला तुमची कंपनी काय किंमत देणार? तुझं नाव ज्यावर अवलंबून आहे, त्याला माझं नाव लागल्याशिवाय तो पुरावा होत नाही. पाकीट फोडलं.

आई


१६ मार्च

चि. बेबीस,

हे पत्र आणि फोटो बाबांबरोबर पाठवते आहे. टपालावर माझा भरवसा नाही. उद्या पहाटेच्या गाडीने निघतील, दुपारपर्यंत तुझ्याकडे. त्यांना जिना चढू देऊ नकोस, खाली येऊन घे. बरोबर माझं सहीनिशी लिहिलेलं निवेदन आहे, दोन पानी. त्यात स्टुडिओचं, कॅलेंडरचं सगळं आहे. तुझ्या लग्नाच्या फोटोचं नाही. ते आपल्या दोघींचं.

आज दुपारी सभा झाली. अर्ज मीच वाचायचा होता. उभी राहिले, पाच-सहा ओळी वाचल्या. मग कागद टेबलावर ठेवला, पिशवीतून अभ्रा काढला आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. फोटो पहिल्या रांगेत दिला आणि तो हातोहात मागे गेला.

कुणी ओरडलं नाही. तेच वाईट. मागून एक म्हणाली, "हा दुसऱ्याच कुणाचा असेल." तिला कुणीतरी म्हटलं, "अगं, डोळे बघ, कपाळ बघ." मग मधल्या रांगेतली शिवणकाम करणारी बाई उभी राहिली. तिचा मुलगा गेला तेव्हापासून ती कुणाशी फारसं बोलत नाही. ती मला म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कुणापुढे रडले?"



थोरल्या काकू कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. अठ्ठ्याऐंशी वय, पाच वर्षांपासून दिसत नाही. लहानपणी देवी आल्या तेव्हा माईंनी त्यांना वाचवलं होतं. माईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या त्या एकट्याच उरल्यात. त्यांनी विचारलं, "काय चाललंय? कुणी सांगेल का?" शेजारणीने सांगितलं.

काकू म्हणाल्या, "हो, होतेच की वण. ताप चढला की माई गाल माझ्या गालाला लावायच्या. खरखरीत लागायचा. त्यांचा आणि माझा, दोघींचा."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "काकू, मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"मोठा फोटो लावला तेव्हा तुम्ही सगळ्या इतक्या आनंदात होतात. मला वाटलं, तुम्हाला तशाच आवडत असतील."

अर्ध्या जणी उठून गेल्या. शिवणकामवालीही गेली, माझ्याकडे न बघता. काही थांबल्या आणि फोटो पुन्हा मागून घेतला. अध्यक्षबाई दारापर्यंत आल्या. "वहिनी, हे आधी मला घरी सांगायचं होतंत. सभेत नाही." मी म्हटलं, "घरी सांगितलं असतं तर घरातच राहिलं असतं." त्यांनी हात पुढे केला. मी हिशेबाची वही आणि मंडळाच्या कपाटाची किल्ली दिली. चोवीस वर्षांचं काम संपलं. दुसरा अर्ज मात्र जाणार नाही, तेवढं त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या फोटोचं अजून ठरलं नाही.

घरी आल्यावर आपल्या भिंतीवरचा मी काढला. मागे भिंतीचा रंग वेगळा दिसतोय.

तुझं काम व्हावं, एवढीच प्रार्थना केली आज. कुणापुढे केली म्हणशील, तर नुसतेच डोळे मिटून.

आई


२८ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर जे बोलता आलं नाही ते लिहिते. तू म्हणशील, फोन आहे तर पत्र कशाला. मला समोरून कुणी बोललं की सुचत नाही. पेन हातात आलं की सुचतं.

आधी चित्रपटाचं. शनिवारी दुपारचा खेळ बघितला. बाबा बरोबर. बाहेर पाटीवाल्या मुली होत्याच. ती चुणचुणीत मला ओळखून म्हणाली, "काकू, आत चाललात?" मी म्हटलं, "बघून येते, मग तुझ्याशी भांडते." आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

फार लांबवलाय. संगीत तर इतकं की माणसाला स्वतःचं रडू ऐकू येत नाही. घोडे कशाला होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण साथीचा भाग सुरू झाला आणि मी खुर्चीची कड घट्ट धरली. ती वाकते, मुलीच्या गालाला गाल लावते, आणि पडद्यावर तो गाल भिंतीएवढा होतो. एकेक वण दिसतो. संगणकाने पुसलेला नाही. बाबा शेजारी पुटपुटले, "हे तिने केलंय." जसं काही मला माहीत नव्हतं. शेवटी मूळ फोटो दाखवला, आणि नावांच्या यादीत तुझं नाव आलं. यादी इतकी भराभर पळते! मी उभी राहून वाचलं. मागचा माणूस 'बसा हो' म्हणाला. मी बसले नाही.

आता माझं म्हणणं. काल तू विचारलंस, "रंग कसा वाटला?" आणि मी "चांगला" म्हणून थांबले. रंग चांगलाच आहे. मानेला, कानामागे, बोटांच्या पेरांना, कुठे चूक काढता येत नाही. मी चूक काढायला तयार होऊन गेले होते. चूक रंगात नाहीच. ती नटी खोलीत शिरते ना, ते चुकलंय. ती दारातून आत येते ती आपल्याला वाट मिळणारच अशी येते. आधी कोण बघतंय, कुठे उभं राहावं, काही बघत नाही. तू कधी अशी खोलीत शिरली नाहीस. लग्नघरी, शाळेत, आपल्याच घरात पाहुणे असताना, आधी तू भिंतीजवळ थांबायचीस. माईही थांबत असतील. ते रंगवून येत नाही. ज्या मुली बाहेर पाट्या घेऊन उभ्या आहेत, त्यांतल्या कुणालाही ते न शिकवता आलं असतं. म्हणून त्या बरोबर आहेत, आणि तुझं काम सुंदर आहे हेही बरोबर आहे. दोन्ही एकदम कसं, ते मला सांगता येत नाही.

हे मी काल अर्धंमुर्धं बोलले. मला वाटलं फोन कट झाला. मी बाबांना म्हटलंही, "बघा हो, गेला वाटतं." मग तू म्हणालीस ते मी इथे उतरवून ठेवते, कारण मला ते डोक्यातून जाऊ द्यायचं नाही.

तू म्हणालीस, "आई, रोज तीन तास लागायचे. ती खुर्चीत आरशासमोर आणि मी तिच्या मागे. आरशात दोघी दिसायचो. दिग्दर्शक यायचे, निर्माते यायचे, आरशात बघून सांगायचे, थोडी अजून काळी करा, माई आणखी गडद हव्यात. ब्याऐंशी दिवस. आणि एकदाही कुणी आरशात दोन बोटं वर बघितलं नाही."

आणि म्हणालीस, "मीही बोलले नाही. मला काम हवं होतं."

मी विचारलं, "जेवलीस का?" एवढंच सुचलं. बाबांनी कपाळाला हात लावला.

आज उत्तर देते. मी त्या खोलीत असते, तर मीही त्या नटीकडेच बघितलं असतं. हे लिहायला सकाळपासून तीन कागद फाडले. पहिल्या दोन कागदांवर लिहिलं होतं की मी असते तर लगेच म्हटलं असतं, ही मागे उभी आहे तिला घ्या. ते खोटं आहे. मी म्हटलं नसतं. आठ वर्षांची तू माझ्याशेजारी उभी होतीस तेव्हा म्हटलं नाही, तर तिथे कशी म्हणणार होते? तू बोलली नाहीस त्याचा दोष स्वतःवर घेऊ नकोस. न बोलणं तुला घरातूनच मिळालं.

सध्या दुपारी मला काही काम नसतं. मंडळात जाते, मागच्या रांगेत बसते. भिंत रिकामीच आहे. त्यांनी दोन्हींपैकी एकही फोटो लावला नाही. शिवणकामवाली परवा शेजारी येऊन बसली. बोलली नाही, पण बसली.

बाबा म्हणाले, तुझी कामाची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीपाशी मोठा आरसा आहे, आणि येत्या बुधवारी दिवसभर काम आहे, कुणा म्हातारीचं सोंग रंगवायचं आहे. मी बुधवारी सकाळच्या गाडीने येते. जिना मला चढता येतो. माझ्यासाठी थांबू नकोस, काम सुरू कर. मला एक स्टूल दे, भिंतीपाशी कुठेही. मी बोलणार नाही, मधेमधे करणार नाही. त्या खुर्चीत कोण बसलंय हेसुद्धा विचारणार नाही. तू काम करत राहा, मी दिवसभर आरशात तुझ्याकडे बघत बसेन.

आई